खासगी कलासंग्रह विद्यापीठाकडे येताना: दानपत्र, अटी आणि पुढची जबाबदारी

प्रश्न: चित्रशाळा

नमस्कार. आमच्या विद्यापीठाला एका दिवंगत संग्राहकाच्या कुटुंबाने त्यांचा संपूर्ण कलासंग्रह देऊ केला आहे. तो स्वीकारण्याच्या कराराचा मसुदा तयार करण्यासाठी जी समिती नेमली आहे, तिच्यावर कला-इतिहास विभागाची प्रतिनिधी म्हणून मी काम करत आहे. संग्रहात सुमारे चारशे वस्तू आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक कामे कागदावरची, म्हणजे जलरंग, रेखाटने आणि मुद्राचित्रे (ठशावरून कागदावर छापलेली चित्रे) अशी आहेत. उरलेल्यांत तैलचित्रे, काही ब्राँझशिल्पे आणि दगडी व मातीच्या थोड्या पुरातन वस्तू आहेत. बहुतेक सर्व वस्तू कुटुंब दान करणार आहे. फक्त सर्वांत महत्त्वाची काही तैलचित्रे विद्यापीठाने बाजारभावापेक्षा कमी किमतीत विकत घ्यावीत, असा त्यांचा प्रस्ताव आहे.

कुटुंबाच्या अटी अशा आहेत की संग्रह कायम एकत्र राहावा, तो संग्राहकाच्या नावाच्या स्वतंत्र दालनात कायमस्वरूपी मांडलेला असावा, त्यातील कोणतीही वस्तू कधीही विकली जाऊ नये आणि प्रदर्शनासाठीसुद्धा विद्यापीठाबाहेर पाठवली जाऊ नये. वडिलांनी आयुष्यभर निगुतीने जमवलेले विखुरले जाऊ नये, एवढीच या मंडळींची तळमळ आहे, आणि तिचा मला मनापासून आदर वाटतो. दुसरीकडे व्यवस्थापन परिषदेत उत्साहाचे वातावरण असून समारंभाची तारीखही जवळजवळ ठरली आहे. मसुद्यात मात्र आतापर्यंत वस्तूंची यादी, किंमत आणि दालनाचे नाव यांपलीकडे काहीही नाही.

चारशे वस्तूंबरोबर विद्यापीठ पुढच्या कित्येक पिढ्यांवर बंधन घालून घेत आहे आणि त्या बंधनाचा मसुद्यात उल्लेखही नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. अशा अटी आहेत तशा मान्य कराव्यात का, मालकीची खातरजमा कितपत खोलात जाऊन करावी, आणि देखभालीच्या खर्चाचा विषय कुटुंबापुढे कसा काढावा, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

उत्तर: नोंदवही

नमस्कार. विद्यापीठांच्या संग्रहालयांत दाखल-नोंदी आणि करारमदार यांचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. अटींपासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमच्या बाकीच्या दोन्ही प्रश्नांचे घोडे शेवटी तिथेच अडणार आहे.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाचे उदाहरण समितीतील प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी, चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी १९४९ मध्ये या विद्यापीठाला १०१ कलाकृती दिल्या, आणि देताना त्या विकू नयेत व एकत्र मांडाव्यात अशी अट घातली. फिस्क हे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभे राहिलेले विद्यापीठ, आणि त्या काळात इतका मोठा आधुनिक चित्रसंग्रह तिथे जावा ही विचारपूर्वक केलेली, उदार कृती होती. पण पुढे विद्यापीठ आर्थिक अडचणीत सापडले आणि २००५ मध्ये त्याने संग्रहातील दोन चित्रे विकण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. त्यांपैकी एक ओकीफ यांचे स्वतःचे १९२७ मधील ‘रेडिएटर बिल्डिंग’ हे प्रसिद्ध चित्र होते. त्यानंतर कित्येक वर्षे खटले चालले, आणि शेवटी २०१२ मध्ये आर्कान्सामधील क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाने ३ कोटी डॉलर देऊन संग्रहात अर्धा वाटा घेतला. तेव्हापासून संग्रह दोन्ही ठिकाणी आलटून पालटून राहतो. मूळ अट लिहिताना दोन्ही बाजूंचा हेतू शुद्धच होता, पण विद्यापीठाला हा भार पेलेनासा झाला तर काय करायचे याची वाट आधीच ठरलेली नव्हती, आणि म्हणून ती न्यायाधीशांना शोधावी लागली.

दुसरे उदाहरण विद्यापीठाचे नाही, पण अटींच्या बाबतीत त्याइतके बोलके मला दुसरे ठाऊक नाही. विल्यम बरेल या जहाजमालकाने १९४४ मध्ये आपला प्रचंड संग्रह ग्लासगो शहराला दिला, आणि हवेतील धुराने वस्तू खराब होऊ नयेत म्हणून संग्रहालय शहरापासून दूर ग्रामीण भागात बांधावे, अशी अट घातली. त्या काळच्या ग्लासगोची हवा लक्षात घेतली तर अट रास्तच होती. परंतु अटीत बसणारी जागा मिळेना; संग्राहक १९५८ मध्ये वारले, दरम्यान हवाही स्वच्छ होत गेली, आणि अखेर विश्वस्तांनी अंतराची अट शिथिल केल्यावर शहराच्या हद्दीतीलच एका उद्यानात १९८३ मध्ये संग्रहालय उघडले. वस्तू परदेशी पाठवण्यावरची त्यांची बंदी उठवण्यासाठी तर २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

यावरून अटी घेऊच नयेत असे मी म्हणणार नाही. विक्रीबंदीची अट तुमच्या विद्यापीठाच्या भल्यासाठी आहे, आणि ती अधिक काटेकोर करून घ्या असाच माझा आग्रह राहील. बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठाने जानेवारी २००९ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन भरात, आपले रोझ कलासंग्रहालय बंद करून संग्रह विकण्याचा निर्णय जाहीर केला होता. संग्रहालयाशी निगडित दात्यांनी न्यायालयात धाव घेतली, जगभरातून टीका झाली, आणि २०११ मध्ये तडजोड होऊन संग्रह वाचला. संग्रहालयाच्या भिंतीवरचे चित्र विद्यापीठाच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसू लागले की वाईट दिवसांत कोणाची तरी नजर तिकडे वळतेच. म्हणून हा संग्रह कोणत्याही कर्जासाठी तारण ठेवला जाणार नाही आणि विद्यापीठाच्या चालू खर्चासाठी विकला जाणार नाही, हे वाक्य करारात निःसंदिग्ध असावे. त्याच वेळी, एखादी वस्तू बनावट निघाली, दुरुस्तीपलीकडे खराब झाली, दुसऱ्या कोणाची ठरली किंवा तिची तंतोतंत दुसरी प्रत संग्रहात असली, तर ती कोणत्या प्रक्रियेने संग्रहातून वगळता येईल, आणि त्यातून पैसे आलेच तर ते केवळ याच संग्रहाच्या वाढीसाठी व जतनासाठी कसे वापरले जातील, हेही लिहून ठेवावे.

बाहेर न पाठवण्याची अट मात्र मी मान्य करणार नाही. उसनवारीला परवानगी द्यावी, पण विमा, वातावरण, सुरक्षा आणि वाहतूक यांचे निकष करारात घालावेत. कुटुंबाची खरी भीती वस्तू हरवण्याची किंवा बिघडण्याची असते आणि या निकषांतून तिचे उत्तर मिळते. संग्राहकाचे नाव दालनाला द्यावे, पण त्याची मुदत इमारतीच्या आयुष्याशी जोडावी, आणि वस्तू कुठेही मांडल्या तरी प्रत्येक फलकावर संग्राहकाचा उल्लेख राहील असे वचन द्यावे. शिवाय, ठरावीक वर्षांनंतर परिस्थिती बदलल्यास अटींचा फेरविचार कोण करील आणि कोणाच्या संमतीने, याचे कलम हवेच. कुटुंबाच्या ज्या भावना बंधनकारक करता येत नाहीत, त्या करारासोबतच्या वेगळ्या पत्रात आदरपूर्वक नोंदवता येतात. बहुतेक कुटुंबे याला राजी होतात, फक्त त्यांच्याशी हे बोलणे समारंभाच्या आधी झाले पाहिजे.

उत्तर: मागोवा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी मालकीच्या इतिहासाविषयी लिहिते, कारण माझे काम तेच आहे.

अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाला २००० मध्ये क्लॅरा वाइट्झनहॉफर यांच्या मृत्युपत्रान्वये फ्रेंच दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रांचा एक उत्तम संग्रह मिळाला. त्यात कामी पिसारो यांचे १८८६ मधील एक चित्र होते, मेंढ्या घेऊन घरी परतणाऱ्या मेंढपाळ मुलीचे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ते फ्रान्समधील एका ज्यू कुटुंबाकडून लुटले होते. पुढे ते अनेक हातांतून फिरत न्यूयॉर्कच्या एका चित्रविक्रेत्याच्या दालनात आले आणि तिथून दात्या बाईंनी ते रीतसर पैसे मोजून घेतले. म्हणजे देणाऱ्यांचाही दोष नव्हता आणि घेणाऱ्यांचाही. तरीसुद्धा मूळ मालकाच्या मुलीने २०१३ मध्ये दावा लावला, २०१६ मध्ये तिची मालकी मान्य करून चित्र फ्रान्स आणि ओक्लाहोमा यांच्यात आळीपाळीने ठेवण्याची तडजोड झाली, तीही पुढे पुन्हा न्यायालयात गेली, आणि २०२१ मध्ये अखेर तिने आपला हक्क सोडला. एका दानातील एका चित्रापायी विद्यापीठाची इतकी वर्षे आणि तितकीच पत खर्ची पडली.

दुसरे उदाहरण मला जास्त प्रिय आहे. अमेरिकेतीलच एमरी विद्यापीठाच्या संग्रहालयाने १९९९ मध्ये नायगारा धबधब्याजवळच्या एका जुन्या खासगी संग्रहालयातील इजिप्शियन वस्तू विकत घेतल्या. त्यांत एक अनाम ममी होती. तिच्या हातांची छातीवर दुमडलेली ठेवण आणि सीटी स्कॅनमधून दिसलेल्या खुणा यांवरून ती फारोह पहिल्या रामसेसची असावी असे अभ्यासकांना वाटू लागले, आणि विद्यापीठाने कोणी दावा लावण्याची वाट न पाहता २००३ मध्ये ती इजिप्तला परत दिली. संशोधन करणाऱ्या संस्थेने संग्रह घेतला की काय होऊ शकते, याचे हे फार चांगले उदाहरण आहे असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष काम. तैलचित्रे भिंतीवरून उतरवा आणि उलटी करा. समोरून तासभर पाहून जे कळत नाही, ते मागच्या लाकडी चौकटीवर पाच मिनिटांत कळते. लिलावगृहाचा खडूने लिहिलेला किंवा शिक्क्याने छापलेला क्रमांक, जुन्या दालनाचे पिवळे पडलेले लेबल, जकातीचा शिक्का, चौकटकाराचा पत्ता, कधी निळ्या पेन्सिलीने लिहिलेला आकडा, या प्रत्येकाचे छायाचित्र काढा. नाझींच्या लूटपथकाने प्रत्येक संग्रहाला अक्षरे आणि क्रमांक दिलेले होते आणि ते आजही कित्येक चित्रांच्या पाठीवर आहेत. एखादे लेबल खरवडून काढल्याची आयताकृती, फिकट खूण दिसली तर तिचीही नोंद करा. ती खूण लेबलाइतकीच महत्त्वाची असते. कागदावरच्या कामांवर आधीच्या संग्राहकांचे छोटे शिक्के असतात, बहुधा खालच्या कोपऱ्यात किंवा मागे, आणि त्यांच्या सूची उपलब्ध आहेत. प्रत्येक वस्तू इंटरपोलच्या चोरीस गेलेल्या कलाकृतींच्या नोंदींत तपासून पाहा. त्यासाठीचे त्यांचे ‘आयडी-आर्ट’ हे ॲप विनामूल्य आहे.

पुरातन वस्तूंच्या बाबतीत मी अधिक कठोर राहीन. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि जगभरातील संग्रहालये आता तेच वर्ष सीमारेषा मानतात. ती वस्तू १९७० पूर्वी तिच्या मूळ देशाबाहेर होती किंवा त्यानंतर कायदेशीर परवान्याने बाहेर आली, याचा कागद नसेल, तर ती वस्तू या दानातून बाजूला ठेवा. बाकीचा करार तिच्यासाठी खोळंबू देऊ नका, पण तिला घाईने आत घेऊही नका. आणि सर्व वारसांच्या सह्या घ्या. एक वारस सहीसाठी उपलब्ध नाही, त्याची तोंडी संमती आहे, असे कोणी म्हणाले तर तिथेच पाणी मुरते.

चित्रशाळा

दोघांचेही मनापासून आभार. काही खुलासे करते. संग्राहकांनी पावत्या आणि पत्रे जपून ठेवली होती; निम्म्या तैलचित्रांच्या पावत्या आम्हाला मिळाल्या आहेत. पुरातन वस्तूंचा मात्र एकही कागद नाही, आणि तो विषय काढला तेव्हा ‘आमच्या वडिलांवर संशय घेता का?’ असा प्रश्न कुटुंबातील ज्येष्ठ सदस्यांनी केला. परिषदेतही माझ्या म्हणण्याला वेगळ्याच कारणाने विरोध आहे. दान फुकट मिळत असताना देखभाल निधीची भाषा करणे म्हणजे दात्याचा अपमान आहे, असे तिथे बोलले गेले. यावर ठोस काही मांडता येईल का?

उत्तर: संवर्धक

परिषदेच्या सदस्यांना एकदा संग्रहातले एक जलरंगचित्र चौकटीतून काढून दाखवा. मी कागदाचा संवर्धक आहे आणि जुन्या घरगुती संग्रहांत मला काय दिसते ते सांगतो. मागचा पुठ्ठा तपकिरी आणि ठिसूळ झालेला असतो, कारण तो आम्लयुक्त असतो, आणि त्याचे आम्ल चित्राच्या कागदात उतरलेले असते. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, खिडकीच्या कडेने चित्रावर एक पिवळट रेघ उमटलेली असते. चित्र माउंटला चिकटपट्टीने जोडलेले असते, तिचा डिंक मधासारखा होऊन कागदाच्या आरपार गेलेला असतो, आणि तो डाग बहुधा पूर्ण जात नाही. काचेच्या आत, कोपऱ्यात, कसरीच्या हालचालीच्या खुणा असतात. तुमच्याकडे अशी दोनशेहून अधिक कामे आहेत. प्रत्येकाचा स्थिती-अहवाल, आम्लमुक्त माउंट, पेटी, खण आणि नोंद हा खर्च संग्रह दारात आल्या दिवसापासून सुरू होतो, आणि त्याला फुकट म्हणता येत नाही.

कायमस्वरूपी मांडणीची अटही इथेच निकालात निघते. जलरंग आणि रेखाटने यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि तोही काही महिनेच. त्यानंतर त्यांना दीर्घकाळ अंधारात विश्रांती द्यावी लागते, कारण उडालेला रंग परत येत नाही. कुटुंबाला हे त्यांच्याच एखाद्या चित्रावर दाखवा. चौकटीखाली झाकलेली कड आणि उघडा राहिलेला भाग यांच्या रंगातला फरक पाहिला की संग्राहकाची मुलेबाळे स्वतःच म्हणतात की आळीपाळीने मांडा. करारात ‘संग्रहाचा काही भाग सदैव प्रदर्शित असेल’ असे लिहिणे पुरेसे आहे.

साठवणुकीसाठी मोठ्या संग्रहालयांनी अलीकडे मान्य केलेली मर्यादा बरीच व्यवहार्य आहे: बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता, मात्र त्यांत अचानक चढउतार नकोत. खोली तळघरात किंवा छपराखाली नसावी, तिच्यातून पाण्याचे नळ जाऊ नयेत. संग्रह आल्यावर तो थेट भांडारात न नेता आधी वेगळ्या खोलीत ठेवा, नाही तर एका चौकटीतली वाळवी किंवा बुरशी सगळ्यांना बाधेल. ब्राँझवर हिरवट, भुकटीसारखे ठिपके दिसले तर ती शिल्पे लगेच अलग करा.

निधीची मागणी दात्याचा अपमान करते, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. १८१६ मध्ये फिट्झविल्यम या ब्रिटिश सरदारांनी केंब्रिज विद्यापीठाला आपला संग्रह दिला तेव्हा त्याबरोबर संग्रहालय बांधण्यासाठी १ लाख पौंडही ठेवले. पॉल मेलन यांनी येल विद्यापीठाला ब्रिटिश कलेचा संग्रह देताना इमारतीचा खर्च आणि चालू खर्चासाठीचा कायम निधी अशा दोन्ही गोष्टींची सोय केली. ते केंद्र १९७७ मध्ये उघडले आणि आजही तिथे प्रवेश विनामूल्य आहे. प्रत्येक कुटुंबाला असे शक्य नसते हे उघड आहे. पण तुमच्या प्रकरणात काही चित्रे विकत घ्यायचीच आहेत. त्या किमतीतील ठरावीक हिस्सा कुटुंबाने जतन निधी म्हणून परत द्यावा, किंवा विद्यापीठाने किमतीइतकीच रक्कम वेगळी काढून तिच्या व्याजावर जतन चालवावे, असा प्रस्ताव मांडता येईल. माझ्या मते निधीची खरी मागणी कुटुंबाकडे नसून परिषदेकडेच केली पाहिजे. एका संवर्धकाचे आणि एका नोंदणी-अधिकाऱ्याचे कायम पद मंजूर होत नसेल, तर हा संग्रह घेऊ नये.

उत्तर: फळा आणि कुंचला

मी अध्यापक आहे, आणि आतापर्यंतच्या चर्चेत विद्यार्थी कुठेच आले नाहीत म्हणून लिहिते.

विद्यापीठाने संग्रह घेण्याचे कारण शहरातल्या संग्रहालयाच्या कारणापेक्षा वेगळे असते. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाला सेन्सबरी दांपत्याने १९७३ मध्ये आपला संग्रह दिला, आणि त्यासाठी नॉर्मन फॉस्टर यांनी बांधलेली इमारत १९७८ मध्ये उघडली. तिथे दालन आणि कला-इतिहासाचा विभाग एकाच छताखाली ठेवले गेले, आणि आफ्रिका, ओशिआनिया, युरोप यांच्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या गेल्या, कारण संग्राहकांनी त्या घरात तशाच ठेवल्या होत्या. वर्गातून उठून वस्तूसमोर जाऊन उभे राहता येते, हीच त्या इमारतीची खरी किमया आहे. तुमच्या दालनाच्या नकाशात अभ्यासिका आहे का, हे आधी पाहा. एक मोठे टेबल, चांगला उजेड, चित्र ठेवायला तिरकी फळी, आणि आठ-दहा विद्यार्थ्यांना पुरेशी जागा इतके असले तरी चालते. खणात ठेवलेली दोनशे कागदावरची कामे ही तुमच्या संग्रहाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. तैलचित्रे भिंतीवर, थोड्या अंतरावरून पाहावी लागतात, पण रेखाटन हातभर अंतरावर ठेवून त्यातली खोडलेली रेघ दाखवता येते. एकाच ठशाच्या दोन छापांतला फरक छायाचित्रांवरून कितीही समजावला तरी विद्यार्थ्यांच्या डोक्यात उतरत नाही, आणि दोन्ही छाप शेजारी ठेवले की कोणी न सांगता उतरतो.

एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. संग्रह एकत्र ठेवण्याच्या अटीकडे केवळ भावना म्हणून पाहू नये. एका माणसाने एका काळात काय पाहिले, काय परवडले, काय नाकारले, याचा तो पुरावा असतो, आणि त्यातली दुय्यम कामे काढून टाकली तर तो पुरावा मोडतो. ‘तंतोतंत दुसरी प्रत’ वगळण्याची जी मुभा नोंदवही यांनी सुचवली आहे, ती मुद्राचित्रांना लावू नये असे मला वाटते, कारण ज्याला आपण दुसरी प्रत समजतो ती कित्येकदा वेगळ्या अवस्थेतला, म्हणजे चित्रकाराने ठशात बदल करण्याआधीचा किंवा नंतरचा, छाप असतो. म्हणूनच पावत्या, पत्रव्यवहार, लिलावाचे खुणा केलेले कॅटलॉग, घरातील मांडणीची छायाचित्रे आणि संग्राहकांच्या टिपणवह्या हे सगळे दानाचाच भाग म्हणून मागा. कुटुंबातील ज्येष्ठांना जो प्रश्न संशयाचा वाटला, तो असा विचारला तर वाटणार नाही. वडिलांनी ही वस्तू कशी शोधली हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगायचे आहे, त्यासाठी त्यांची कागदपत्रे आणि तुमच्या आठवणी आम्हाला हव्या आहेत, असे म्हणून ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन त्यांच्याकडे जा. हे बोलणे खरेही आहे. मालकीच्या माहितीचे कितीतरी दुवे अशा निवांत गप्पांतूनच हाती लागतात.

उत्तर: नोंदवही

मुद्राचित्रांविषयीची दुरुस्ती मला पूर्णपणे मान्य आहे. वगळण्याच्या कलमात ‘विभागाच्या अभ्यासकांच्या लेखी मतानंतरच’ असे शब्द घालावेत.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. चित्राची मालकी मिळाली म्हणजे त्याचा स्वामित्वहक्क मिळाला असे होत नाही. स्वामित्वहक्काविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार तो हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर किमान ५० वर्षे टिकतो, आणि अनेक देशांत त्याहून जास्त काळ. हयात किंवा अलीकडे दिवंगत झालेल्या चित्रकारांची कामे तुम्ही भिंतीवर लावू शकता, परंतु पुस्तकात छापण्यासाठी किंवा संकेतस्थळावर टाकण्यासाठी चित्रकाराची अथवा त्याच्या वारसांची परवानगी लागू शकते. संग्राहकाचे कुटुंब ती देऊ शकत नाही. हे आधी तपासले नाही तर डिजिटल संग्रहाची घोषणा करून पुढे हात आखडता घ्यावा लागतो.

विकत घ्यायच्या चित्रांचे मूल्यांकन कुटुंबाने आणलेल्या विक्रेत्याकडून करून घेऊ नका, आणि ज्याने ती चित्रे कधी काळी संग्राहकाला विकली त्याच्याकडून तर मुळीच नको. दोन स्वतंत्र मूल्यांकने घ्या, आणि दिलेली सवलत करारात दान म्हणून नोंदवा, म्हणजे कुटुंबालाही त्याचे श्रेय मिळेल.

समारंभ रद्द करण्याची गरज नाही. त्या दिवशी करारावर सह्या न करता उद्देशपत्रावर करा: कुटुंब संग्रह देऊ इच्छिते, विद्यापीठ तो घेऊ इच्छिते, आणि मालकीची तपासणी, स्थिती-अहवाल व पदांची मंजुरी झाल्यावर अंतिम दानपत्र होईल, एवढाच त्याचा मजकूर असावा. दरम्यान वस्तू कुटुंबाच्या घरीच राहू द्या, किंवा तात्पुरत्या ठेवीची पावती देऊन आणि विमा उतरवून मगच आत घ्या. पावती न देता एकही चौकट दारातून आत येऊ देऊ नका, मग ती कोणीही आणलेली असो.